कोयत्याचा तिरका घाव आणि शनीचं कडं

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या नेवासा तालुक्यात मुळा धरणाच्या पाण्यावर ऊस उभा राहतो. लागणीसाठी बेणं तोडताना कोयता सरळ बसला, तर टिपऱ्याचं तोंड गोल दिसतं. हात जरा तिरका पडला की तेच तोंड लांबट होतं. ऊस तोच, जाडी तीच, बदलतो फक्त घावाचा कल. भूमितीच्या पुस्तकातलं लंबवर्तुळ असं बांधावर पडलेलं असतं.

हे लांबणं मोजताही येतं. ऊस ३ सेंटीमीटर जाड धरू. सरळ कापापेक्षा घाव ६० अंशांनी कलला, तर तोंडाची लांबी बरोबर दुप्पट, म्हणजे ६ सेंटीमीटर भरते. रुंदी मात्र तीनच राहते. वर्तुळ एकाच दिशेने ताणलं गेलं, एवढंच. कल शून्यावर आणला की पुन्हा वर्तुळ हाती येतं.

शाळेत मात्र लंबवर्तुळ वेगळ्या रीतीने काढतात. दोन टाचण्या टोचायच्या, त्यांना सैलसर दोरा बांधायचा आणि पेन्सिलीने तो ताणून धरत फिरवायचा. टाचण्यांच्या जागा म्हणजे नाभी. मग उसाच्या कापात या टाचण्या कुठे असतात?

बेल्जियमचे गणिती डँडलिन यांनी १८२२ मध्ये शंकूच्या छेदासाठी जी युक्ती मांडली, ती इथेही चालते आणि ती फार देखणी आहे. उसाऐवजी तेवढ्याच जाडीची पोकळ नळी आणि तिरक्या कापाच्या जागी पातळ पत्रा बसवला आहे, अशी कल्पना करू. वरून एक आणि खालून एक, नळीत घट्ट बसणारी गोटी पत्र्याला टेकेपर्यंत सरकवायची. गोट्या पत्र्याला जिथे टेकतात, तीच टाचण्यांची जागा! कापाच्या काठावरच्या कोणत्याही बिंदूपासून वरच्या नाभीपर्यंत जेवढं अंतर, तेवढंच त्या बिंदूपासून नळीच्या भिंतीवरून सरळ वर, गोटी नळीला जिथे गोल टेकते त्या रेषेपर्यंत. कारण दोन्ही रेषा एकाच बिंदूतून निघून त्याच गोटीला स्पर्श करतात. खालच्या गोटीचंही तसंच, फक्त खालच्या दिशेने. ही दोन्ही अंतरं मिळून त्या दोन गोल रेषांमधलं भिंतीवरचं अंतर होतं, आणि ते सगळीकडे सारखंच असतं. म्हणून दोन्ही नाभींपर्यंतच्या अंतरांची बेरीज कधी बदलत नाही, आणि दोराही तेच सांगत असतो. आपल्या उसात टाचण्या सुमारे ५.२ सेंटीमीटर अंतरावर येतील आणि त्यांच्यामधला दोरा ६ सेंटीमीटरचा लागेल.

याच तालुक्यात शनिशिंगणापूर आहे. तिथली शिळा चौथऱ्यावर उघड्या आभाळाखाली उभी आहे. त्याच आभाळातल्या शनी ग्रहाकडे दुर्बिणीतून पाहिलं की भोवती लंबवर्तुळ दिसतं. खरं तर ते कडं गोल आहे. आपण ते तिरकं पाहतो. गॅलिलिओने १६१० मध्ये ते पाहिलं तेव्हा त्याला ग्रहाच्या दोन बाजूंना दोन गोळे असल्यासारखं वाटलं आणि १६१२ मध्ये ते गायबच झाले. खगोलशास्त्रज्ञ हायगेन्सने १६५९ मध्ये उलगडा केला: ते सपाट कडं आहे आणि त्याची कड आपल्याकडे वळली की ते दिसेनासं होतं. २३ मार्च २०२५ रोजी पुन्हा तसंच घडलं. आता ते हळूहळू उघडतं आहे. २०३२ च्या सुमारास ते सर्वाधिक उघडेल, तेव्हाही त्याची रुंदी लांबीच्या निम्म्याहून थोडी कमीच दिसेल.

शनीच्या कक्षेची गोष्ट नेमकी उलटी आहे. कडं गोल असून लांबट दिसतं. कक्षा लंबवर्तुळाकार असून गोल दिसते. ग्रह लंबवर्तुळात फिरतात हे केप्लरने १६०९ मध्ये मंगळाच्या नोंदींवरून दाखवलं. शनीची कक्षा एक मीटर लांबीची काढली, तर रुंदीत जेमतेम दीड मिलिमीटर कमी पडेल. तेवढं डोळ्यांना कळणार नाही. सूर्य मात्र मध्यापासून सुमारे पावणेतीन सेंटीमीटर बाजूला, एका नाभीवर बसलेला असेल. म्हणूनच साडेएकोणतीस वर्षांच्या फेरीत शनी सूर्यापासून कधी सुमारे १३५ कोटी, तर कधी १५१ कोटी किलोमीटरवर असतो. दुसऱ्या टाचणीच्या जागी मात्र काहीच नाही, नुसती पोकळी.