सू कोणाची आणि वाघनख कोणाचं?



डेव्हनवर जेवण, भाजी-किराणा आणि मग पाहुण्यांना घेऊन फील्ड म्युझियम, हा आपल्याकडचा ठरलेला कार्यक्रम. बाबा भारतातून आले तेव्हा आम्हीही तेच केलं. 'सू' नावाच्या टी-रेक्ससमोर आमच्या चिरंजीवांनी विचारलं, "आजोबा, हा डायनोसॉर कोणाचा?" बाबा म्हणाले, "ज्याला सापडला त्याचा." घरी येऊन आम्ही माहिती काढली, तर प्रकरण बरंच गुंतागुंतीचं निघालं.

सू हेंड्रिक्सन यांना हा सांगाडा १९९० साली साउथ डकोटात सापडला. त्यांच्या चमूने जमीनमालक मॉरिस विल्यम्स यांना ५,००० डॉलर्स दिले आणि हाडं नेली. पण विल्यम्स मूळ अमेरिकन जमातीचे, आणि त्यांची ती जमीन केंद्र सरकारकडे ट्रस्टमध्ये होती. १९९२ मध्ये एफबीआयने सांगाडा जप्त केला. कोर्टाने सांगितलं, जीवाश्म हा जमिनीचाच भाग, त्यामुळे सरकारच्या परवानगीशिवाय झालेला सौदा रद्द. १९९७ मध्ये विल्यम्स यांच्यासाठी लिलाव झाला. मॅकडॉनल्ड्स, डिस्ने वगैरेंच्या मदतीने म्युझियमने सुमारे ८३.६ लाख डॉलर्सना सू घेतली. एखाद्या धनिकाने घेतली असती, तर ती दिवाणखान्यात गेली असती आणि कायद्याने त्याला अडवलं नसतं!

पक्ष्यांचं उलट. मॅकॉर्मिक प्लेसच्या काचांवर आपटून मेलेले हजारो पक्षी १९७८ पासून याच म्युझियमच्या संग्रहात जमा झाले आहेत. म्युझियमला परवाना असतो. आपल्या मुलांनी अंगणात पडलेलं ब्लू जेचं पीस उचलून ठेवलं, तर मात्र १९१८ चा स्थलांतरित पक्ष्यांचा कायदा आडवा येतो. पीस गळलेलं की पक्षी मारून काढलेलं, हे नुसतं बघून कळत नाही ना!

आता खरी गोष्ट. पुढच्या खेपेला नातवासाठी पणजोबांचं सोन्यात मढवलेलं वाघनख आणायचं बाबांच्या मनात होतं. भारताच्या १९७२ च्या वन्यजीव कायद्याने अशी वस्तू प्रमाणपत्राशिवाय बाळगता येत नाही. ती वारशाने मिळू शकते, विकता येत नाही आणि देशाबाहेर नेता येत नाही. इथेही वाघ संरक्षित यादीत आहे. मोरपिसांचंही तेच. गळलेली पिसं भारतात चालतात, पण निर्यातीला बंदी आहे.

बाबा हिरमुसले. "वाघ तर माझ्या आजोबांच्याही आधी मेला!" म्हणाले. मुद्दा बरोबर आहे. पण जुन्याला सूट दिली, की नवं नखही जुनं म्हणून खपवलं जातं. शेवटी वाघनख गावी काकांकडेच राहिलं. नातवाला त्याचा फोटो मिळाला आणि पणजोबांची गोष्टही.

तेव्हा मंडळी, भारतातून बॅगा भरताना आजीच्या पेटीतल्या वस्तूंकडे एकदा नीट बघा. कस्टम्सच्या रांगेत वाद घालण्यापेक्षा ते बरं!