जंगलाला द्या आठवड्याचे दोन तास

रविवारी सकाळी बोरिवली स्टेशनच्या पूर्वेला उतरणारी गर्दी ऑफिसची नसते. पायात बूट, पाठीवर सॅक, सोबत एखादं पेंगुळलेलं मूल आणि पावलं वळलेली संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाकडे. लोकलने उतरून चालत गाठता येईल असं राष्ट्रीय उद्यान फार थोड्या महानगरांच्या नशिबी असतं. मुंबई आणि ठाण्याच्या मधोमध सुमारे १०४ चौरस किलोमीटरवर पसरलेल्या या जंगलाला 'मुंबईची फुफ्फुसं' म्हणतात. पण शहराच्या आरोग्याशी त्याचं नातं केवळ स्वच्छ हवेपुरतं नाही.

किती वेळ पुरतो?

निसर्गात गेल्यावर बरं वाटतं, हा सगळ्यांचाच अनुभव. त्यासाठी किती वेळ हवा, याचा अभ्यास इंग्लंडमधल्या जवळपास २० हजार लोकांच्या माहितीवरून झाला. तो २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. आठवड्यात किमान १२० मिनिटं बाग, जंगल किंवा समुद्रकिनाऱ्यावर घालवणाऱ्यांनी 'आपली तब्येत चांगली आहे, समाधान आहे' असं सांगण्याचं प्रमाण अधिक होतं. हे दोन तास एकदम काढले की थोडे थोडे, यानं फरक पडला नाही. दीर्घकालीन आजार असलेल्यांमध्येही हेच दिसलं. अर्थात, मुळात धडधाकट असलेली माणसंच जास्त बाहेर पडत असतील, ही शक्यता उरतेच. त्यामुळे जंगल हे औषध नव्हे आणि डॉक्टरांच्या गोळ्यांना पर्यायही नव्हे. पण चालणं, सावली आणि शांतता एकत्र मिळत असेल, तर ती सोडायची कशाला?

नळाचं पाणी आणि बिबट्या

मुंबईला पाणी देणाऱ्या तलावांपैकी विहार आणि तुळशी हे दोन तलाव याच जंगलात आहेत. विहार १८६० मधला, तुळशी १८७९ मधला. आज शहराच्या एकूण पाण्यात त्यांचा वाटा लहान असला, तरी भोवतालचं जंगल पावसाचं पाणी मुरवतं, माती धरून ठेवतं आणि तलाव गाळापासून वाचवतं. कान्हेरीच्या लेण्यांत राहणाऱ्या बौद्ध भिक्खूंना पावसाच्या पाण्याचं मोल पुरतं ठाऊक होतं. कातळात खोदलेल्या त्यांच्या पोढी, म्हणजे पाण्याची टाकी, आजही तिथे पाहायला मिळतात.

दुसरी सेवा देतो बिबट्या. उद्यानाच्या कडेच्या वस्त्यांत भटकी कुत्री हे त्याचं मोठं खाद्य. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका शोधनिबंधानुसार त्याच्या आहारात कुत्र्यांचं प्रमाण सुमारे ४० टक्के आहे. इथले बिबटे वर्षाला सुमारे १,५०० कुत्री खात असावेत आणि त्यामुळे माणसांना होणारे सुमारे हजार चावे टळत असावेत, असा संशोधकांचा अंदाज आहे. रेबीजची लक्षणं दिसू लागल्यावर रुग्ण जवळपास कधीच वाचत नाही. हे लक्षात घेतलं, तर या अंदाजाचं महत्त्व कळतं.

या नाण्याची दुसरी बाजूही आहे. कुत्री येतात कचऱ्यामुळे, आणि कुत्र्यांमागे बिबट्या येतो तो थेट माणसांच्या दारात. २००४ च्या सुमारास उद्यानालगतच्या वस्त्यांत बिबट्यांच्या हल्ल्यांत अनेकांनी जीव गमावला. एक बिबट्या पकडून नेला, तर त्याच्या मोकळ्या जागेत दुसरा येतो. म्हणून २०११ पासून वन विभाग, अभ्यासक आणि नागरिकांनी मिळून वस्त्यांमध्ये जागृती सुरू केली. कचरा वेळेवर उचलणं, घराजवळ उजेड ठेवणं, अंधार पडल्यावर मुलांना एकटं बाहेर न सोडणं यावर तिचा भर होता. बिबट्याचा प्रश्न मोठ्या प्रमाणात कचराकुंडीपाशी सुटतो, तो असा.

आपण काय करू शकतो?

उद्यानाची मजा लुटणं आणि त्याला हातभार लावणं ही दोन वेगळी कामं नाहीत. तिकीट काढून, नेमलेल्या वाटेनं, वाटाड्याला सोबत घेऊन केलेली भटकंती जंगलाची ओळख करून देते आणि वाटाड्याच्या घरी चूलही पेटवते. सोमवारी उद्यान बंद असतं, हे लक्षात ठेवून बेत आखा. कारवीसारखी झुडपं इथे साधारण आठ वर्षांतून एकदा फुलतात. २०१६ नंतर ती २०२४ मध्ये फुलली. असा बहर मोबाइलमध्ये साठवा, पण फांदी तोडू नका.

डबा नेला, तर उरलेलं अन्न आणि पिशव्या घरी परत आणा. माकडांना खाऊ घालू नका. एकदा माणसाच्या हातची चटक लागली, की त्यांची भीती मोडते आणि ती पिशव्यांवर झडप घालतात. माकड किंवा कुत्रा चावलाच, तर जखम साबण आणि वाहत्या पाण्यानं १५ मिनिटं धुवा. जखमेवर हळद-चुना लावू नका. त्याच दिवशी दवाखाना गाठा आणि लशीचे सगळे डोस पूर्ण करा. पावसाळ्यात ओढ्यात उतरू नका. वर डोंगरात पाऊस झाला की पाणी बघता बघता चढतं.

ज्यांना आणखी काही करायचं आहे, त्यांच्यासाठी उद्यानात पिंजऱ्यात ठेवलेल्या प्राण्यांची दत्तक योजना आहे. आवडत्या प्राण्याच्या वर्षभराच्या पालनपोषणाचा खर्च त्यातून उचलता येतो. ते जमणार नसेल, तर जंगलाच्या कडेला राहणाऱ्यांनी आपल्या सोसायटीचा ओला कचरा उघड्यावर पडणार नाही एवढं पाहिलं, तरी ती मदत थोडी नाही. त्यातून कुत्री कमी होतील, बिबट्या जंगलातच राहील आणि रविवारी सकाळी बोरिवलीला उतरणाऱ्यांना त्यांचे दोन तास निर्धास्तपणे मिळतील.