बटण दाबले, पण चित्र का बदलले नाही?



पडद्यावरचे बटण दाबले की चित्र बदलते, हे आता घरातले लहान मूलही सांगेल. परंतु दाबणे आणि बदलणे यांच्यामध्ये काय घडते, याचा विचार आम्हीही फारसा केला नव्हता. आमच्या एका माग-कामगाराची मजुरी त्यापायी कापली गेली, तेव्हा तो करणे भाग पडले.

सोलापूरकरांना जेकार्ड नवे नाही. फ्रान्समधील जोसेफ मारी जाकार याने १८०४ साली हे यंत्र सिद्ध केले. पुठ्ठ्याच्या कार्डाला भोक असेल तेथे सुई आत शिरते, हुक उचलला जातो आणि त्याला बांधलेला ताण्याचा धागा वर येतो. भोक नसेल तर सुई मागे रेटली जाते व धागा खालीच राहतो. नक्षी बदलायची म्हणजे कार्डांची माळ उतरवून दुसरी चढवायची. काय बदलले ते डोळ्यांना दिसे. इलेक्ट्रॉनिक जेकार्डात ती माळ संगणकाच्या स्मृतीत गेली, आणि कामगारासमोर उरले एक बटण व एक चित्र.

आता हे ध्यानात घ्या की, पडद्यावरचे चित्र म्हणजे नक्षी नव्हे. ते नक्षीचे प्रतिबिंब आहे. पडदा १९२० ठिपके रुंद व १०८० ठिपके उंच असेल, तर त्यावर वीस लाखांहून अधिक ठिपके होतात. बटण दाबल्यावर प्रथम स्मृतीतला ‘चालू नक्षी’चा आकडा बदलतो. मग नवी नक्षी साठ्यातून वाचावी लागते. शेवटी ‘पडद्याचा हा भाग जुना झाला, पुन्हा रंगवा’ असा हुकूम सुटावा लागतो. हा हुकूम राहून गेला तर आकडा नवा आणि चित्र जुने, अशी गत होते.

दुसरी मेख अशी की, बहुतेक प्रोग्रामांत बटणाची दखल घेणे आणि पडदा रंगवणे ही दोन्ही कामे एकाच गड्याकडे असतात. तो मोठी नक्षी वाचण्यात गुंतला की रंगवणे थांबते. दरम्यान दाबलेली बटणे मात्र वाया जात नाहीत. ती रांगेत उभी राहतात.

आमच्या कामगाराचे नेमके हेच झाले. त्याने ‘पुढील’ दाबले, चित्र हलेना. त्याने पुन्हा दाबले. थोड्या वेळाने दुसरी नक्षी पडद्यावर आली, म्हणून त्याने माग सुरू केला आणि तो शेजारच्या मागावरचा तुटलेला धागा सांधायला गेला. त्याची पाठ वळताच रांगेतली दुसरी दाब अमलात आली व तिसरी नक्षी मागावर चढली. माल चुकला, ठपका त्याच्यावर आला.

आम्ही मालकांना एवढेच म्हटले, तुम्हीच दोनदा दाबून पाहा. त्यांनी दाबले, आणि तेच घडले. कापलेली मजुरी परत मिळाली.

यावर उपाय आहेत, आणि ते अवघड नाहीत. बटण एकदा दाबले की काम संपेपर्यंत ते बंद राहावे आणि पडद्यावर ‘काम चालू आहे’ असे दिसावे. वाचण्याचे जड काम निराळ्या गड्याकडे द्यावे, म्हणजे रंगवणारा मोकळा राहतो. आणि चित्राने मागावर खरोखर चढलेल्या नक्षीवरूनच स्वतःला रंगवावे. नॉर्वेचे ट्रिग्वे रीन्स्काउग यांनी १९७९ साली अमेरिकेतील झेरॉक्सच्या पालो आल्टो केंद्रात हाच विचार मांडला होता : मूळ माहिती एका जागी, तिचे दर्शन दुसऱ्या जागी, आणि हुकूम घेणारा तिसरा.

नवे यंत्र आले की त्याच्या दुरुस्तीचा करार होतो, विमा उतरतो. त्याच वेळी हे तीन उपाय त्यात आहेत काय, हे कामगारांनी विचारले पाहिजे. तोवर बटण एकदाच दाबावे, थांबावे, आणि वीतभर कापड विणून ते डोळ्यांनी पाहावे. मगच मागाकडे पाठ करावी.