ऑफ-रोड वाहनांतील विद्युत इंधन पंप आणि सुरक्षा कट-ऑफ स्विच : एक तांत्रिक विवेचन

प्रस्तावना

आखाडा बाळापूर परिसरात पक्की सडक सोडून शेताकडे वळले की काळ्या मातीची गाडीवाट, ओढ्याचा उतार आणि बांधाचा चढ असा प्रवास सुरू होतो. ट्रॅक्टर, जीप आणि मोटारसायकल ही वाहने येथे दररोजच ‘ऑफ-रोड’ वाहने ठरतात. त्यासाठी डोंगराळ भागातील साहसी स्पर्धांचा दाखला शोधावा लागत नाही. अशा वाटेवर वाहन कलंडण्याची वा दगडावर आदळण्याची शक्यता सडकेपेक्षा अधिक असते. अपघातात इंजीन बंद पडते. परंतु टाकीतील पेट्रोल पुढे ढकलणारा विद्युत पंप आपोआप बंद पडेलच असे नाही. तो बंद पडावा यासाठी कोणते कट-ऑफ स्विच वापरतात, त्यांची जोडणी कोणत्या तत्त्वावर करावी आणि खडबडीत भूमीवर त्यांच्या मर्यादा कोणत्या, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

यांत्रिक पंपाकडून विद्युत पंपाकडे

विसाव्या शतकातील चाळिशीच्या दशकाच्या अखेरीस महिंद्रा कंपनीने मुंबईत विलिस जीपच्या जोडणीस आरंभ केला. त्या पेट्रोल जीपमधील इंधन पंप यांत्रिक स्वरूपाचा होता. इंजिनातील कॅमशाफ्टच्या उंचवट्याने एक दांडी हलते, दांडीमुळे पंपातील पडदा खालीवर होतो आणि पेट्रोल कार्बोरेटरकडे जाते. इंजीन थांबले की कॅमशाफ्ट थांबतो व पंपही थांबतो. सुरक्षेची वेगळी योजना करण्याची आवश्यकता नव्हती. ती रचनेतच अंतर्भूत होती.

इंधन फवारणी अर्थात फ्युएल इंजेक्शनची पद्धत आल्यावर चित्र बदलले. कार्बोरेटरला साधारण ०.२ ते ०.४ बार दाब पुरतो. पेट्रोल इंजेक्शनला मात्र सर्वसाधारणपणे ३ ते ४ बार दाब लागतो. हे काम विद्युत पंपाकडे आले. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज-६ मानके लागू झाल्यानंतर नव्या मोटारसायकलींतूनही कार्बोरेटर जवळपास हद्दपार झाला. आज खेड्यातील साध्या मोटारसायकलच्या टाकीतही विद्युत पंप असतो.

कारखान्यातून आलेल्या अशा वाहनांत संरक्षणाची योजना बहुधा असतेच. चावी फिरवल्यावर पंप सुमारे दोन सेकंद चालतो. नंतर इंजीन फिरत असल्याचा संकेत मिळाला नाही, तर नियंत्रक संगणक त्याचा पुरवठा तोडतो. एअरबॅग असलेल्या अनेक मोटारींत धडकेचा संकेत पंपही बंद करतो, तर अनेक मोटारसायकलींत गाडी आडवी पडल्याचे ओळखणारा संवेदक असतो. प्रश्न उरतो तो जुन्या वाहनांचा. यांत्रिक पंप निकामी झाला म्हणून बाहेरून बसविलेला विद्युत पंप, इंजीन बदललेली जीप किंवा स्पर्धेसाठी स्वतः बांधलेली गाडी यांत पंपाची वायर पुष्कळदा थेट इग्निशनच्या चावीला जोडलेली असते. चावी चालू आहे तोवर पंप चालू, मग इंजिनाचे काहीही होवो.

धोक्याचे स्वरूप

ताशी १०० लिटर क्षमतेचा पंप विचारात घेऊ. नळी तुटून त्याच्यापुढचा अडथळा नाहीसा झाला, तर तो सेकंदाला सुमारे २८ मिलिलिटर, म्हणजे मिनिटाला दीड लिटरहून अधिक पेट्रोल बाहेर टाकू शकतो. पेट्रोलचा ज्वलनबिंदू उणे ४० अंश सेल्सिअसच्याही खाली असल्याने मराठवाड्याच्या हिवाळ्यातदेखील त्याची वाफ पेट घेण्याजोगी असते. ही वाफ हवेपेक्षा जड असते. ती वर उडून न जाता खळग्यात व वाहनाखाली साचते. तापलेला सायलेन्सर आणि चेपलेल्या वायरीतील ठिणगी जवळच असतात.

कार्बोरेटर असलेल्या वाहनात आणखी एक गोष्ट घडते. कार्बोरेटरमधील तरंगता गोळा, म्हणजे फ्लोट, पेट्रोलची पातळी वाढली की सुईझडप बंद करतो. परंतु हे काम गुरुत्वाकर्षणावर अवलंबून आहे. वाहन उलटले की फ्लोट सुईपासून दूर पडतो, झडप उघडी राहते आणि नळी शाबूत असतानाही चालू पंप कार्बोरेटरमधून पेट्रोल बाहेर लोटतो. आत अडकलेल्या माणसाला चावी फिरवण्याइतका हात मोकळा असेलच, असे गृहीत धरता येत नाही.

डिझेल इतके सहज पेटत नाही. तथापि तापलेल्या भागावर उडालेला डिझेलचा फवाराही पेट घेऊ शकतो. म्हणून खालील विवेचन डिझेल वाहनांनाही तत्त्वतः लागू आहे.

कट-ऑफ स्विचचे प्रकार

१. तेलदाब स्विच : इंजीन फिरत असेल तरच ऑइलचा दाब निर्माण होतो. दाब सुमारे ०.३ ते ०.५ बारवर गेला की हा स्विच विद्युतमार्ग जोडतो, दाब घसरला की तोडतो. येथे एक घोटाळा टाळणे अगत्याचे आहे. डॅशबोर्डवरील लाल दिव्याचा ऑइल स्विच नेमका उलट वागतो. दाब नसताना तो मार्ग जोडतो, म्हणूनच दिवा लागतो. तोच स्विच पंपासाठी वापरला, तर इंजीन बंद असताना पंप चालेल आणि इंजीन सुरू होताच थांबेल. पंपासाठी स्वतंत्र, उलट क्रियेचा स्विच लागतो.

२. इंजीनगती रिले : इग्निशन कॉइलकडून येणारे विद्युत स्पंद हा रिले मोजतो. सुमारे एका सेकंदात स्पंद आला नाही, तर पंपाचा पुरवठा तोडला जातो. डिझेल इंजिनात स्पार्क नसल्यामुळे असा संकेत अल्टरनेटरकडून घेता येतो.

३. जडत्व स्विच : शंकूच्या आकाराच्या बैठकीत पोलादी गोळी चुंबकाने धरून ठेवलेली असते. जोराची धडक बसली की वाहन थांबते, पण जडत्वामुळे गोळी चुंबकापासून सुटून शंकूवर चढते, वरची पट्टी ढकलते आणि मार्ग तुटतो. तो पुन्हा जोडण्यासाठी वरचे बटण हाताने दाबावे लागते. फोर्ड आणि लँड रोव्हर यांच्या अनेक गाड्यांत हा स्विच कारखान्यातूनच येत असे.

४. कल स्विच : वाहन ठरावीक कोनापलीकडे कलले की लोलकाच्या अथवा इलेक्ट्रॉनिक संवेदकाच्या साहाय्याने तो मार्ग तोडतो.

५. हाताचा स्विच : चालकाच्या हाताशी एक आणि बाहेरच्या माणसाला दिसेल व पोहोचेल असा दुसरा. साधेपणामुळे या प्रकाराकडे दुर्लक्ष होते. वस्तुतः मदतीला धावून येणाऱ्याच्या दृष्टीने तोच सर्वाधिक उपयुक्त आहे.

जोडणीचे तत्त्व

पंपाला साधारण ५ ते ८ अँपिअर प्रवाह लागतो. एवढा प्रवाह तेलदाब स्विचच्या लहान संपर्कांतून नेल्यास ते जळतात व काही वेळा एकमेकांस चिकटतात. चिकटलेला स्विच म्हणजे नसलेला स्विच. म्हणून पंपाचा प्रवाह रिलेमधून न्यावा, बॅटरीच्या जवळ योग्य फ्यूज बसवावा आणि सुरक्षा स्विच रिलेच्या कॉइलच्या मार्गात ठेवावेत. वायर तुटली, स्विच सैल झाला अथवा जोड निसटला, तर कॉइलचा प्रवाह थांबेल व पंप बंद पडेल. बिघाड झाला तरी तो सुरक्षिततेच्या बाजूने व्हावा, हे येथील मुख्य सूत्र होय.

तेलदाब स्विचमुळे एक अडचण उद्भवते. इंजीन सुरू होण्यापूर्वी दाब नसतो, दाबाशिवाय पंप चालत नाही आणि कार्बोरेटर रिकामा असेल तर पंपाशिवाय इंजीन सुरू होत नाही. यासाठी स्टार्टर फिरत असेपर्यंत स्टार्टरच्या मार्गावरून रिलेला पर्यायी पुरवठा देतात. या पर्यायी वायरीत डायोड असावा. अन्यथा इंजीन सुरू झाल्यावर प्रवाह उलट दिशेने स्टार्टरच्या सोलेनॉइडकडे जाऊन स्टार्टर गुंतून राहण्याचा धोका असतो.

हा पर्यायी मार्ग केवळ तेलदाब स्विचला समांतर असावा; जडत्व स्विच, कल स्विच व हाताचे स्विच हे मात्र दोन्ही मार्गांशी एकसरीत असावेत. पर्यायी मार्ग साऱ्या स्विचना वळसा घालून नेला, तर उलटलेल्या गाडीत गोंधळलेल्या चालकाने स्टार्टर मारताच पंप पुन्हा पेट्रोल ओतू लागेल. एकसर व समांतर मंडलांतील भेद पदार्थविज्ञानाच्या वर्गात दिव्यांच्या उदाहरणाने शिकविला जातो. येथे त्याच भेदावर माणसाचा जीव अवलंबून असतो.

खडबडीत भूमीचे विशेष प्रश्न

सडकेवरील वाहनासाठी ठरविलेली योजना शेतवाटेवर जशीच्या तशी चालत नाही. नको तेव्हा पंप बंद पडणे हाही अपघातच ठरू शकतो. उभ्या चढावर मध्येच इंजीन बंद पडले, तर पॉवर स्टीअरिंग व ब्रेकचे साहाय्य कमी होते आणि गाडी मागे घसरू शकते.

खड्ड्याचा दणका तीव्र पण क्षणिक व मुख्यतः उभ्या दिशेने असतो. धडकेचा आघात आडवा व तुलनेने दीर्घ असतो. म्हणून जडत्व स्विच बॉडीच्या ताठ भागावर, सरळ उभा बसवावा. चाकाजवळच्या थरथरणाऱ्या पत्र्यावर बसवू नये. त्याचे बटण चालकाच्या हाताशी असावे, मात्र पेट्रोलचा वास वा गळती नाही याची खात्री केल्याविना ते दाबू नये.

कल स्विचचा कोन ठरविताना साधे गणित उपयोगी पडते. दोन चाकांमधील अंतर १.४ मीटर आणि गुरुत्वमध्याची उंची ०.७ मीटर मानल्यास स्थिर वाहन ४५ अंशांच्या बाजूकलाला उलटण्याच्या सीमेवर येते. त्यामुळे स्विच ३० अंशांवर तोडला तर तो सामान्य उतारावरही त्रास देईल; ६० अंशांच्या पुढे तोडणारा आणि किंचित विलंबाने कार्य करणारा स्विच येथे अधिक योग्य. विलंब नसल्यास प्रत्येक धक्क्याने लोलक हलेल.

तीव्र उतारावर ऑइल एका बाजूला सरकून दाब क्षणभर पडू शकतो. अशा वाहनात इंजीनगती रिले अधिक भरवशाचा ठरतो. थोडक्यात, ‘इंजीन फिरत आहे’ ही पहिली अट, ‘धडक बसलेली नाही, गाडी उलटलेली नाही’ ही दुसरी अट आणि माणसाचा हात ही तिसरी, असा त्रिस्तरीय विचार आवश्यक आहे. इंजीन चालू असताना नळी फुटली, तर पहिली अट काही क्षण फसते. किरकोळ धडकेत दुसरी अट फसू शकते. एकाची उणीव दुसऱ्याने भरून काढावी लागते.

चाचणी, नियम आणि अध्यापन

बसविलेला स्विच तपासला नाही, तर तो केवळ समाधान देतो. मोकळ्या जागी, अग्निशामक जवळ ठेवून, दोघांनी मिळून पुढील चाचण्या कराव्यात : चावी चालू व इंजीन बंद असताना पंपाचा आवाज थांबतो काय, इंजीन चालू असताना प्रत्येक स्विचची वायर एकेक करून काढल्यास पंप थांबतो काय, आणि जडत्व स्विच सोडवून हातात आपटल्यास मार्ग तुटतो काय. त्रास देणाऱ्या स्विचच्या दोन वायरी एकत्र पिळून टाकण्याची सवय ही या विषयातील खरी समस्या आहे. स्विच वारंवार तुटत असेल तर कारण शोधावे. स्विच वगळू नये.

आंतरराष्ट्रीय मोटारस्पर्धा महासंघाच्या नियमांनुसार इंधन पंप, इंजीन सुरू करण्याचा काळ वगळता, इंजीन चालू असतानाच चालला पाहिजे. २००७ पासून भरणाऱ्या ‘बाहा एसएई इंडिया’ या विद्यार्थी स्पर्धेतही चालकाजवळ एक व गाडीच्या बाहेरील बाजूस एक असे दोन किल स्विच असतात. दुसरीकडे, मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाच्या मूळ नोंदीशी विसंगत फेरफारांवर निर्बंध आहेत. म्हणून कारखान्याची संरक्षण योजना असलेल्या नव्या वाहनात स्वतःहून वायरी जोडू नयेत. प्रस्तुत विवेचन जुन्या व स्वतः बांधलेल्या वाहनांपुरतेच मर्यादित आहे.

समारोप

यांत्रिक पंपाला इंजीन थांबल्याचे वेगळे सांगावे लागत नव्हते. विद्युत पंपाला ते सांगावे लागते. कट-ऑफ स्विच म्हणजे हा निरोप पोचविणारी व्यवस्था होय. तिची किंमत अल्प आहे, तत्त्व माध्यमिक शाळेच्या विज्ञानाइतके सोपे आहे. परंतु तिचा क्रम चुकला तर ती असून नसल्यासारखी होते. पदार्थविज्ञान, व्यवसाय शिक्षण आणि रस्ता सुरक्षा या तिन्ही विषयांच्या अध्यापकांनी एक रिले, दोन स्विच व एक दिवा घेऊन हे मंडल वर्गात मांडले, तर विद्यार्थी आपल्या घरच्या जीपची वायर कोठे जोडलेली आहे, हे स्वतः पाहतील. प्रस्तुत विषयाचे प्रयोजनही तेच आहे.