पदवी आणि पगार (लेखांक ९) : तारीख कोणती धरावी?

गेल्या खेपेस चढ्ढा समितीने पीएच.डी.साठी दिलेल्या, नेमणुकीच्या वेळच्या पाच आणि सेवेतल्या तीन वेतनवाढींपाशी आपण थांबलो होतो, आणि त्या वाढी सातव्या वेतन आयोगाच्या वेळी कोठे लुप्त झाल्या हे या आठवड्यात सांगण्याचे मी कबूल केले होते. ते आज होणे नाही. मधल्या टपालाने मराठवाड्यातील एका प्राध्यापक-वाचकांचे भले मोठे पत्र येऊन पडले असून त्यांनी विचारलेला प्रश्न वरकरणी इतका किरकोळ आहे की, ज्याने दुसऱ्यांची सेवापुस्तके चाळण्यात उमेदीची वर्षे घालविली नाहीत असा मनुष्य तो एका वाक्यात निकालात काढील. माझ्यासारख्याला मात्र तो ओलांडून पुढे जाववत नाही.

प्रकरण असे आहे. सदर गृहस्थ सेवेत असताना पीएच.डी. झाले. साल 2012. मौखिक परीक्षा, म्हणजे ज्याला आपण सारेच व्हायवा म्हणतो ती, 9 जूनला पार पडली. विद्यापीठाची अधिसूचना 21 जुलैला निघाली. आणि पदवीदान समारंभ पुढल्या वर्षी फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात झाला. महाविद्यालयाच्या मुख्य लिपिकाने समारंभातील पदवीपत्रावरची तारीख प्रमाण मानून तेथपासून तीन आगाऊ वेतनवाढी लावल्या, आणि "साहेब, पदवी हातात पडल्याशिवाय पदवी कसली?" असा रोकडा सवाल करून फाइल बंद केली. आता इतक्या वर्षांनी, निवृत्तीच्या उंबरठ्यावर, आपल्या सेवापुस्तकाची पाने उलटताना त्यांना ही नोंद खुपू लागली आहे. त्यांचे म्हणणे, वाढी 9 जूनपासून हव्या होत्या.

नियमाच्या भाषेत या प्रश्नाचे थेट उत्तर सापडत नाही हे आधीच सांगून टाकतो. विद्यापीठ अनुदान आयोगाचे 30 जून 2010 चे विनियम एवढेच म्हणतात की, सेवेत असताना ज्यास पीएच.डी. प्रदान होईल त्यास तीन चक्रवाढ नसलेल्या वेतनवाढी मिळतील, मात्र नोंदणी, पूर्वअध्ययन आणि बहिःस्थ मूल्यमापन या साऱ्या गोष्टी आयोगाने घालून दिलेल्या रीतीने झालेल्या असल्या पाहिजेत. पदवी नेमकी कोणत्या घटकेला प्रदान झाली हे ठरविण्याचे काम विनियमांनी विद्यापीठाच्या अंगावर टाकले, आणि विद्यापीठाने ते, नेहमीप्रमाणे, कागदाच्या अंगावर. तथापि त्याच विनियमांत जरा पुढे एक उपवाक्य आहे, ज्याकडे फारसे कोणी पाहत नाही. विनियम अमलात आले त्या दिवशी ज्यांचे पूर्वअध्ययन व मूल्यमापन आटोपलेले होते आणि पदवीची केवळ अधिसूचना निघावयाची राहिली होती, अशांना विद्यापीठाची नव्या रीतीबद्दलची मान्यता आली नसली तरी तीन वाढी द्याव्यात, अशी ती सवलत आहे. म्हणजे मूल्यमापन संपणे आणि अधिसूचना निघणे यांच्यामध्ये एक मोकळा अवकाश असतो, त्यात माणूस अडकून पडतो, आणि त्या अडकण्यात त्याचा स्वतःचा काडीचाही दोष नसतो, हे आयोगाला पक्के ठाऊक होते. ठाऊक असूनही त्याने वाढीची तारीख लिहून ठेवली नाही, याचे मला आजही नवल वाटते.

ज्यांनी विद्यापीठाच्या परीक्षा विभागाचा पीएच.डी. कक्ष पाहिलेला नाही त्यांच्यासाठी या अवकाशाचे थोडे वर्णन करणे अस्थानी होणार नाही. प्रबंध सादर होतो, परीक्षकांची नावे ठरतात, त्यांपैकी कोणी परगावचा, कोणी परदेशी गेलेला. अहवाल यावयाचे, न आल्यास स्मरणपत्र जावयाचे, मग दुसरे स्मरणपत्र. दोन्ही अहवाल अनुकूल आले की मौखिक परीक्षेचा दिवस मुक्रर व्हावयाचा. त्या दिवशी उमेदवार नवी सफारी घालून येतो, मार्गदर्शक शेजारी बसतात, मागल्या बाकांवर विद्यार्थी आणि घरची मंडळी. तासाभराने अध्यक्ष "पदवी देण्याची शिफारस करण्यात येत आहे" असे म्हणतात आणि टाळ्या पडतात. विद्वत्तेच्या बाजूने पाहिले तर कार्यभाग येथे संपला. दफ्तराच्या बाजूने पाहिले तर तो येथे सुरू होतो. संयुक्त अहवालावर सर्वांच्या सह्या झाल्या आहेत काय, प्रबंधाची प्रत ग्रंथालयात जमा झाली काय, शुल्काची पावती जोडली आहे काय, हे पाहून टिपणी चढते, मंजुरी उतरते, अधिसूचनेचा मसुदा टंकलेखनास जातो, जावक क्रमांक पडतो. आमच्या या वाचकांच्या बाबतीत याला सहा आठवडे लागले, ते मी तरी पुष्कळच लवकर म्हणेन. सही करणारा अधिकारी रजेवर गेला म्हणून तीन महिने तिष्ठत राहिलेली माणसे माझ्या माहितीत आहेत.

समारंभाची तारीख धरणे हा तर उघड अन्याय आहे, आणि तो किती रुपयांचा आहे हे मांडून दाखवितो. पत्रात दिलेल्या आकड्यांप्रमाणे जून 2012 मध्ये त्यांचे वेतनबँडमधील वेतन 18,000 आणि शैक्षणिक श्रेणी वेतन (एजीपी) 6,000, मिळून 24,000 रुपये होते. सहाव्या वेतन आयोगाच्या रीतीने एक वाढ तीन टक्क्यांची, पुढल्या दहाच्या पटीत पूर्ण केलेली; म्हणजे 720 रुपये. 1 जुलैस सर्वांबरोबर त्यांना नेहमीची वार्षिक वाढ लागली आणि वेतन 24,720 झाले. त्यावर तीन टक्के म्हणजे 741 रुपये 60 पैसे, पूर्ण करून 750. तीन वाढींचे 2,250. त्या सहामाहीतला 72 टक्के महागाई भत्ता त्यावर चढविला की दरमहा 3,870 रुपये होतात, आणि 21 जुलैपासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत ते न मिळाल्यामुळे पंचवीस हजारांहून अधिक रक्कम केवळ झगा अंगावर चढण्याची वाट पाहण्यात गेली. पदवीदान हा उत्सव आहे. अधिसूचना निघाली की विद्यापीठ तात्पुरते प्रमाणपत्र देते, त्याच्या बळावर माणूस नोकरीला अर्ज करू शकतो, मुलाखतीत पीएच.डी. म्हणून गणला जातो. जो कागद नेमणुकीला चालतो तो पगाराला का चालू नये, याचे उत्तर आजवर कोणा लेखापरीक्षकाकडून मला मिळालेले नाही.

उरतो तो खरा तंटा : 9 जून की 21 जुलै? येथे एक मौज आहे, आणि खरे सांगावयाचे तर तिच्यासाठीच मी हा सारा लेखांक खर्ची घालीत आहे. साधा माणूस समजेल की तारीख जितकी आधीची तितका लाभ अधिक. पण मध्ये 1 जुलै आहे. 9 जूनपासून वाढी धरल्या तर 24,000 वर 720 च्या तीन वाढी, म्हणजे 2,160, वेतन 26,160. या वाढी मूळ वेतनात मिसळल्या असे धरून 1 जुलैची वार्षिक वाढ काढली तर ती 784 रुपये 80 पैसे, पूर्ण करून 790, आणि वेतन 26,950. उलट अधिसूचनेची तारीख धरली तर 24,720 अधिक 2,250, म्हणजे 26,970. उशिरा पदवी मिळालेला मनुष्य दरमहा वीस रुपयांनी वरचढ ठरतो! हा चमत्कार दहाच्या पटीत पूर्ण करण्याच्या नियमाने घडविला आहे. 741 रुपये 60 पैशांचे 750 झाले तेव्हा जे 8 रुपये 40 पैसे फुकट हाती पडले, ते तीनदा पडले.

अर्थात या वीस रुपयांसाठी त्यांनी काय गमावले तेही पाहिले पाहिजे. जूनचे 22 दिवस 2,160 च्या दराने, म्हणजे 1,584 रुपये. आणि जुलैचे पहिले 20 दिवस 2,230 च्या दराने, म्हणजे सुमारे 1,439. महागाई भत्ता दोन्हीकडे चढतो म्हणून तो बाजूला ठेवू. तीन हजारांची ही तूट दरमहा वीस रुपयांनी भरून निघावयाची तर साडेबारा वर्षे लागतील, आणि 1 जानेवारी 2016 पासून नवी वेतनश्रेणी लागू झाल्यामुळे त्यांना मिळाली जेमतेम साडेतीन वर्षे. तेव्हा 9 जूनसाठी भांडण्यात त्यांचा फायदा आहे, पण तो त्यांना वाटतो त्याच्या एक-दशांशही नाही. मोठी रक्कम समारंभ आणि अधिसूचना यांच्या दरम्यान आहे. तेथे त्यांची बाजू भक्कम आहे. आणि भक्कम बाजू सोडून डळमळीत बाजूसाठी हट्ट धरणे हा आम्हा शिक्षकांचा जुना रोग आहे. न्यायाने पाहिले तर मौखिक परीक्षेचाच दिवस धरावयास हवा असे माझे स्पष्ट मत आहे, कारण त्यानंतर उमेदवाराच्या हाती करण्यासारखे काही उरत नाही आणि परक्याच्या दिरंगाईचा भुर्दंड त्याने का सोसावा? परंतु शिफारस म्हणजे मंजुरी नव्हे, हे दफ्तराचे म्हणणेही अगदीच खोटे नाही.

चक्रवाढ नसलेल्या या विशेषणावर मागे दोघा-तिघांनी खुलासा मागितला होता, तो ओघात देऊन टाकतो. नेमणुकीच्या वेळीच पीएच.डी. असलेल्या सहायक प्राध्यापकाचे आरंभीचे वेतन 15,600 अधिक 6,000, म्हणजे 21,600 होते. एक वाढ 650. पाच वाढी चक्रवाढीने दिल्या असत्या तर 650, 670, 690, 710, 730 असे 3,450 झाले असते. चक्रवाढीविना 650 च्या पाच, म्हणजे 3,250. सरकारने इतका जड शब्द योजून वाचविले ते दोनशे रुपये. 1998 च्या अधिसूचनेत, म्हणजे रस्तोगी समितीच्या वेळी, नेमणुकीस चार वाढी आणि सेवेत पदवी घेतल्यास दोन होत्या, त्यांना हे विशेषण नव्हते. चढ्ढा समितीने संख्या एकेकाने वाढविली आणि विशेषण चिकटविले. देणाऱ्याने एका हाताने दिले आणि दुसऱ्या हाताने चिल्लर परत घेतली, म्हणानात.

आता 1 जानेवारी 2016 चा उल्लेख वर आलाच आहे, तेव्हा याच जातीच्या, पण पुष्कळच अधिक पेचाच्या एका प्रश्नाकडे बोट दाखवून ठेवतो. सातव्या आयोगाची वेतनश्रेणी त्या तारखेपासून लागू. पदवीसाठी वेगळ्या वाढी नाहीत असे सांगणारे केंद्राचे पत्र 2 नोव्हेंबर 2017 चे. विद्यापीठ अनुदान आयोगाचे विनियम 18 जुलै 2018 चे. महाराष्ट्राचा शासननिर्णय 8 मार्च 2019 चा. ज्याने 2016 च्या पावसाळ्यात पदवी मिळविली, त्या वेळी जिवंत असलेल्या नियमाने ज्याला तीन वाढी मंजूर झाल्या, सहसंचालक कार्यालयाने ज्यावर शिक्का उमटविला, त्याने नवी श्रेणी मागच्या तारखेपासून स्वीकारल्याबरोबर त्या वाढी बेकायदा ठरतात काय? आणि ठरत असतील तर घेतलेले पैसे परत करावयाचे काय?

वसुलीचा धाक ज्यांना आहे ते बहुधा रफिक मसीह प्रकरणाचा दाखला देतात. सर्वोच्च न्यायालयाने 18 डिसेंबर 2014 रोजी त्या निकालात कोणाकडून वसुली करू नये याची यादी दिली : तृतीय व चतुर्थ श्रेणीचे नोकर, निवृत्त झालेले किंवा वर्षभरात होणारे, पाच वर्षांहून अधिक काळ जादा रक्कम मिळत आलेले, इत्यादी. प्राध्यापकास यांतले पहिले कलम उपयोगाचे नाही; तो त्या श्रेणीत बसत नाही. दुसरे उपयोगी पडावे, पण त्याच न्यायालयाने 29 जुलै 2016 रोजी जगदेव सिंग प्रकरणात असे ठरविले की, नवी वेतनश्रेणी स्वीकारताना ज्याने जादा रक्कम परत करण्याचे हमीपत्र लिहून दिले आहे त्याला निवृत्तीची ही ढाल पुढे करता येत नाही. आणि वेतननिश्चितीच्या गठ्ठ्यात ते हमीपत्र असतेच. विकल्पाच्या अर्जाखाली तेही ठेवलेले असते, "येथे सही, येथे सही, आणि येथे" असे लिपिक बोटाने दाखवीत जातो आणि आपण, ज्यांनी विद्यार्थ्यांना मूळ संहिता वाचण्याचे महत्त्व शिकविले, ते न वाचता तीनही ठिकाणी सही ठोकतो.

शाळांतील गुरुजनांचीही पत्रे साठली आहेत. त्यांचा प्रश्न आगाऊ वाढींचा नसून निवड श्रेणीचा आणि त्यासाठी लागणाऱ्या वाढीव अर्हतेचा आहे. शालेय शिक्षकांविषयीच्या चट्टोपाध्याय आयोगाकडे वळू तेव्हा त्याचा विचार होईल, पण ते सातव्या आयोगानंतर.

पत्रलेखक प्राध्यापकांना एवढेच सुचवितो की अर्ज प्राचार्यांमार्फत सहसंचालकांकडे करावा, त्यात समारंभाऐवजी अधिसूचनेची तारीख धरण्याची मुख्य मागणी आणि मौखिक परीक्षेच्या तारखेची पर्यायी मागणी असा क्रम ठेवावा, अधिसूचनेची साक्षांकित प्रत, तात्पुरते प्रमाणपत्र आणि सेवापुस्तकातील त्या पानाची नक्कल जोडावी, आणि आवक क्रमांक घेतल्याखेरीज खिडकी सोडू नये. सेवापुस्तक निवृत्तिवेतनाच्या प्रकरणाबरोबर महालेखापालांकडे जाते आणि मग त्यातली एक ओळ दुरुस्त करून घेण्यास जो काळ लागतो त्यापुढे परीक्षा विभागाचे सहा आठवडे काहीच नव्हेत. म्हणून हा अर्ज याच महिन्यात गेला पाहिजे.