पदवीचे प्रथम वर्ष : व्याख्यान आणि स्वाध्याय

वेरूळ परिसरातून डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाशी (स्थापना १९५८) संलग्न महाविद्यालयात आलेल्या विद्यार्थ्यास पहिली अडचण वेळापत्रकाची येते. सैद्धान्तिक विषयाच्या एका श्रेयांकास सत्रात १५ तासांचे अध्यापन असते. रिकामा दिसणारा उर्वरित वेळ सुटीचा नसून स्वाध्यायाचा होय.

व्याख्यानातून ३४ लेण्यांचे बौद्ध, हिंदू, जैन हे वर्गीकरण समजते. परंतु दंतिदुर्गाचा लेख शेजारच्या १५ व्या लेण्यात असताना कैलास लेण्याचे श्रेय कृष्ण पहिला यास का दिले जाते, हे 'गाईड' वाचून उमगत नाही. त्यासाठी ग्रंथालयात बसून कर्कराजाच्या बडोदे ताम्रपटापर्यंत (इ.स. ८१२) जावे लागते. बसने ये-जा करणाऱ्या विद्यार्थ्याला नेमके हे बसणेच दुरापास्त ठरते. ग्रंथालयाच्या वेळा ठरविताना याचा विचार क्वचितच होतो.