दवाखाना कुठून सुरू होतो?

आमच्या झाडीपट्टीत ‘अमक्याला नागपूरला नेलं’ एवढं म्हटलं, की ऐकणारा पुढचं विचारत नाही. दुखणं गावच्या, तालुक्याच्या आणि जिल्ह्याच्या हाताबाहेर गेलं, हे त्यातच आलेलं असतं. गडचिरोलीहून आरमोरी, ब्रह्मपुरी, नागभीड, उमरेड करीत एस.टी. नागपूरला पोचते, तेव्हा पावणेदोनशेच्या आसपास किलोमीटर मागे पडलेले असतात. पेशंट भामरागडचा किंवा सिरोंच्याचा असेल, तर जवळपास तेवढीच वाट त्याने गडचिरोली गाठण्यासाठी आधीच तुडवलेली असते. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला, की ती वाटही कितीदा तुटलेली.

या लांबच्या प्रवासावर आजवर पुष्कळ लिहिले गेले. मला लिहायचे आहे ते त्याच्या शेवटच्या एका किलोमीटरविषयी. एस.टी.तून उतरल्यापासून डॉक्टरच्या टेबलापर्यंतचा हा किलोमीटर कोणाच्याच खात्यात मोडत नाही. रस्ता महापालिकेचा, बस महामंडळाची, इमारत रुग्णालयाची. आणि मधल्या फटीत उभा असतो तो पेशंट.

नागपुरात दवाखान्यांच्या दोन मोठ्या वस्त्या आमच्या माणसांना तोंडपाठ आहेत. एक ‘मेडिकल’, म्हणजे १९४७ साली सुरू झालेल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचा परिसर. त्याच्यावरून चौकाचे नाव पडले, आणि चौकाभोवती औषधांची दुकाने, खानावळी, पानठेले असा संसार उभा राहिला. दुसरी वस्ती धंतोली-रामदासपेठेची. एके काळी ही शांत बंगल्यांची पेठ. एकेका बंगल्याचे रुग्णालय होत गेले, रस्ते मात्र बंगल्यांच्या मापाचेच राहिले. धंतोलीतल्या गाड्यांच्या गर्दीचा प्रश्न तिथल्या रहिवाशांनी थेट उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत नेला. पण गाड्या कुठे लावायच्या या वादात गाडीवाला असतो, रहिवासी असतो. पायी चालत आलेल्या पेशंटची बाजू कोण मांडणार?

पाच पायऱ्यांचा हिशेब

काही वर्षांपूर्वी मी माझ्या मामीला खुब्याच्या दुखण्यासाठी अशाच एका दाट वस्तीतल्या रुग्णालयात घेऊन गेलो. ऑटोवाल्याने गल्लीच्या तोंडाशी उतरवले. आत शिरायला जागाच नव्हती. फूटपाथ होता, पण त्याचा काठ फूटभर उंच आणि वर मोटारसायकली. म्हणून आम्ही भर रस्त्यातून, हॉर्न ऐकत चाललो. ‘अजून किती चालाचं हाय गा बापू?’ मामीने तीनदा विचारले. रुग्णालयाच्या दाराशी पाच पायऱ्या होत्या. बाजूला उतार केलेला होता. पण तो इतका उभा, की धडधाकट माणसालाही कठडा धरावा लागेल. आत पाट्या इंग्रजीत. मामीला मराठी वाचता येते. तिथे ती निरक्षर ठरली.

यात कोणी दुष्टपणा केला असे मी म्हणत नाही. कोणी हिशेब केला नाही, एवढेच. हिशेब तसा शाळकरी आहे. चाकाच्या खुर्चीसाठीच्या उताराला एकास बारा हे प्रमाण धरतात; एक फूट चढायचे तर बारा फूट लांबी. पाच पायऱ्या म्हणजे साधारण अडीच फूट. त्यांना तीस फुटांचा उतार हवा. फूटपाथचा काठ पंधरा सेंटिमीटरपेक्षा उंच नसावा आणि चालायला किमान १.८ मीटर मोकळी जागा असावी, असे इंडियन रोड्स काँग्रेसच्या २०१२ च्या मार्गदर्शक सूचनांत लिहून ठेवले आहे. अपंगांसाठीचा पहिला कायदा १९९५ चा, दुसरा २०१६ चा. कागद कमी पडलेला नाही.

आणि हा प्रश्न केवळ चाकाच्या खुर्चीचा नाही. आमच्या दोन्ही जिल्ह्यांत सिकलसेलचे पुष्कळ रुग्ण आहेत. या आजारात खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा तुटून ऐन तारुण्यात सांधा निकामी होऊ शकतो. अशा पोराला वरचेवर दवाखान्याची वारी करावी लागते. त्याच्यासाठी पाच पायऱ्या म्हणजे पाच कळा. गरोदर बाई, म्हातारा, कडेवर मूल घेतलेली आई, या सगळ्यांचे गणित तेच.

विचारून बांधलेला दवाखाना

हे वेगळे करता येते, आणि ते आपल्याच जंगलात करून दाखवलेले आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली गडचिरोलीत ‘सर्च’ची सुरुवात केली. मोठ्या दवाखान्यात यायला का भिता, असे त्यांनी आदिवासींना विचारले. उत्तरे अशी आली, की कोणा वास्तुशास्त्रज्ञाला सुचली नसती. मोठ्या इमारतीत आम्ही हरवतो. पांढरे कपडे तर प्रेतावर घालतात. आमच्या माणसाला आत घेतात आणि आम्हाला बाहेर काढतात. तिथे आमचा देव नाही. मग धानोरा रस्त्यावर चातगावजवळ शोधग्राम उभे राहिले, ते गोंडांच्या गावासारखे. पेशंटसाठी झोपड्या, त्याच झोपडीत नातेवाइकाला जागा, आवारात देवी, आणि दवाखान्याला नाव माँ दंतेश्वरीचे. इथे आजाऱ्याला इमारतीच्या मापाचे व्हावे लागले नाही. इमारतच त्याच्या मापाची झाली.

शासनालाही हे कळते, याचा पुरावा ‘माहेरघर’ ही योजना. आदिवासी भागात प्राथमिक आरोग्य केंद्राच्या आवारातच एक खोली. दिवस भरत आलेली बाई आधीच तिथे येऊन राहते, सोबत तिचे लहान मूल आणि एक नातेवाईक. पूर आला तरी ती अलीकडेच असते. विदर्भातल्याच गाडगेबाबांनी मुंबईत गोरगरीब रुग्णांच्या नातेवाइकांसाठी धर्मशाळेची सोय केली, त्यामागची दृष्टी हीच. पेशंट कधी एकटा येत नाही. त्याच्यामागे अर्धे घर येते, आणि त्या घराला भात शिजवायला चूल आणि पाठ टेकायला ओटा लागतो.

आता आपली पाळी

चंद्रपूरला २०१५ साली वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. गडचिरोलीच्या महाविद्यालयाचे उद्घाटन ऑक्टोबर २०२४ मध्ये झाले. आनंदाची गोष्ट आहे. ‘नागपूरला नेलं’ हे वाक्य आता कमी वेळा ऐकू येईल अशी आशा धरायला हरकत नाही. पण अशा प्रत्येक आवाराभोवती उद्या दुकाने येतील, लॅब येतील, ऑटो येतील, आणि पाहता पाहता तिथेही एक धंतोली होईल. ती होण्याआधी काही साध्या गोष्टी मागून घ्यायला हव्यात. एस.टी.चा थांबा फाटकाशीच असावा. थांब्यापासून ओपीडीपर्यंत सलग, सावलीची, पायरी नसलेली वाट असावी. पाट्या मराठीत असाव्यात, आणि ज्याला वाचता येत नाही त्याच्यासाठी जमिनीवर रंगीत पट्टा: लाल पट्ट्यावरून गेले की एक्स-रे, हिरव्यावरून गेले की औषधे. केसपेपरच्या खिडकीशी माडिया आणि गोंडी बोलणारे एक तरी माणूस बसवावे. नातेवाइकांसाठी निवारा तर इमारतीच्या मूळ नकाशातच हवा.

यातल्या एकाही गोष्टीला परदेशी यंत्र लागत नाही, तज्ज्ञ डॉक्टरही लागत नाही. लागते ते एवढेच, की नकाशा मंजूर करणाऱ्या साहेबाने एकदा भामरागडहून एस.टी.ने निघावे, हातात गाठोडे घ्यावे, सोबत एक लंगडणारा माणूस घ्यावा, आणि विचारत विचारत ओपीडी गाठावी. दवाखाना नेमका कुठून सुरू होतो, हे मग त्यांना कोणी सांगायला नको.